प्रसारमाध्यम कंपनीतील विक्रीकर लेखापालन : वृत्तपत्राच्या एका अंकाचे तीन हिशेब

प्रस्तावना

वाणिज्य शाखेच्या अध्यापनात विक्रीकराचा विचार बहुधा दर, विवरणपत्र आणि भरणा या क्रमाने केला जातो. कारखाना अथवा किराणा दुकान हे उदाहरण घेतल्यास हा क्रम पुरेसा ठरतो, कारण तेथे विकली जाते ती वस्तूच, याविषयी शंका नसते. प्रसारमाध्यम कंपनीत मात्र ‘कर किती?’ या प्रश्नापूर्वी ‘नेमके काय विकले?’ हा प्रश्न सोडवावा लागतो. या क्षेत्रातील विक्रीकर लेखापालाचे काम आकडेमोडीपेक्षा व्यवहाराच्या वर्गीकरणाचे कसे आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. एकच अंक, तीन व्यवहार

महाड तालुक्यातील बिरवाडी हे औद्योगिक क्षेत्रालगतचे गाव होय. तेथील विक्रेत्याकडे मुंबईहून छापून आलेला दैनिकाचा अंक उदाहरणादाखल घेऊ. वाचकाला अंक विकला जातो, हा पहिला व्यवहार. त्याच अंकात परिसरातील एखाद्या कारखान्याची जाहिरात असते. पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर प्रकल्पचालकाने स्थानिक वृत्तपत्रांत तशी जाहिरात द्यावी, असे २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने बंधनकारक केले आहे. अंकातील जागेची ही विक्री म्हणजे दुसरा व्यवहार. न खपलेले अंक कंपनीकडे परत येतात आणि वजनावर विकले जातात, हा तिसरा व्यवहार. कागद एकच, परंतु करकायद्याच्या दृष्टीने हे तिन्ही व्यवहार भिन्न आहेत.

महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२ हा १ एप्रिल २००५ पासून अमलात आला. त्यातील ‘वस्तू’ या संज्ञेच्या व्याख्येतून वृत्तपत्रे वगळलेली होती. त्यामुळे पहिल्या व्यवहारावर कर नव्हता. जाहिरातीची जागा ही वस्तू नव्हे. म्हणून तिच्यावर मूल्यवर्धित कर नव्हता आणि मुद्रित माध्यमातील जाहिरात-जागेची विक्री केंद्राच्या सेवाकरातूनही वगळलेली होती. रद्दीचा अंक मात्र वृत्तपत्र म्हणून विकला जात नाही, कागद म्हणून विकला जातो. वाचण्यासाठी विकलेले वृत्तपत्र आणि रद्दी म्हणून विकलेले जुने वृत्तपत्र यांत सर्वोच्च न्यायालयानेही भेद केला आहे. लेखापालाने तिन्ही रकमा ‘अंकविक्री’ या एकाच खात्यात जमा केल्यास बेरीज बरोबर येईल. विवरणपत्र मात्र चुकेल.

२. या वर्गीकरणाचा घटनात्मक आधार

वृत्तपत्राला मिळालेले हे वेगळे स्थान म्हणजे राज्य शासनाने दिलेली सवलत नव्हती. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीच्या नोंद ५४ ने राज्यांना ‘वृत्तपत्रे वगळून अन्य वस्तूंच्या’ विक्रीवर कर लावण्याचा अधिकार दिला होता. वृत्तपत्रांची विक्री आणि त्यांतील जाहिराती हे विषय संघ सूचीच्या नोंद ९२ मध्ये होते. संविधान सभेत सप्टेंबर १९४९ मध्ये या प्रश्नावर चर्चा झाली होती. वृत्तपत्रांवरील कर हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील दबावाचे साधन ठरू शकतो, ही चिंता त्यामागे होती. महाडच्या वाचकाला हा संबंध सहज उमगेल. मार्च १९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहानंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. परंतु आर्थिक अडचणींमुळे ते फार काळ चालू शकले नाही. लहान नियतकालिकाच्या दृष्टीने खर्चातील थोडी वाढही निर्णायक ठरते.

३. सवलतच अडचण ठरते तेव्हा

व्याख्येतून वगळले जाणे नेहमीच लाभाचे असते, असे नाही. केंद्रीय विक्रीकर अधिनियम, १९५६ अन्वये ‘विक्रीसाठी वस्तू’ तयार करण्याकरिता परराज्यातून कच्चा माल आणणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास सी फॉर्म देऊन सवलतीच्या, त्या काळी ४ टक्के, दराने खरेदी करता येत असे. वृत्तपत्र ही वस्तूच नसेल, तर वृत्तपत्रासाठी घेतलेल्या कागदावर ही सवलत कशी मिळणार, असा आक्षेप विक्रीकर खात्याने घेतला. प्रिंटर्स (म्हैसूर) लिमिटेडच्या प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. कायद्यातील व्याख्या ‘संदर्भानुसार अन्य अर्थ अभिप्रेत नसल्यास’ लागू होते. वृत्तपत्रांचा भार हलका करण्यासाठी केलेल्या दुरुस्तीचा अर्थ त्यांचा भार वाढेल असा लावता येणार नाही, हे त्या निर्णयाचे सार होय. व्याख्येचे प्रास्ताविक शब्द न वाचणाऱ्या लेखापालाने ही सवलत आपणहून सोडली असती.

४. मुद्रणेतर माध्यमे

दूरचित्रवाणी व चित्रपटनिर्मिती कंपन्यांत हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीने वस्तू वापरण्याच्या हक्काचे हस्तांतरण हे ‘मानीव विक्री’ ठरविले आणि महाराष्ट्राने १९८५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. कॅमेरा भाड्याने देताना त्याचा ताबा व नियंत्रण भाडेकऱ्याकडे गेले, तर ती मानीव विक्री. कॅमेरा मालकाच्याच तंत्रज्ञाच्या हाती राहिला, तर ती सेवा. बीएसएनएल प्रकरणातील २००६ च्या निर्णयाने हक्क-हस्तांतरणाच्या कसोट्या स्पष्ट केल्या. म्हणून देयकावरील रकमेपेक्षा कराराची भाषा आधी वाचणे आवश्यक ठरते.

५. वस्तू व सेवा करानंतर

२०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने नोंद ९२ वगळली आणि नोंद ५४ बदलली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यात वृत्तपत्राला शून्य दर, तर मुद्रित माध्यमातील जाहिरात-जागेच्या विक्रीला ५ टक्के दर ठरला. परिणामी खरेदीवरील कराची वजावट विभागावी लागते. समजा, एका महिन्यात कागद व अन्य सामाईक खरेदीवरील कर १,००,००० रुपये आहे. एकूण २०,००,००० रुपयांच्या उलाढालीत करमुक्त अंकविक्री ८,००,००० रुपयांची, म्हणजे ४० टक्के आहे. अशा वेळी ४०,००० रुपयांची वजावट मिळत नाही. ती रक्कम प्रकाशकाच्या खर्चात पडते. ज्या नियतकालिकाला जाहिराती कमी, त्याची न मिळणारी वजावट अधिक. वाचकाला करमुक्त दिसणारा अंक प्रकाशकासाठी पूर्णतः करमुक्त नसतो, तो असा.

समारोप

पूर्वी राज्यांना वृत्तपत्रविक्रीवर कर लावण्याचा अधिकारच नव्हता. आता अधिकार आहे, परंतु दर शून्य ठेवला आहे. ताळेबंदात हा फरक दिसत नाही, तरी तो मूलभूत आहे, कारण दर अधिसूचनेने बदलता येतो. विक्रीकर लेखापालनाचे अध्यापन केवळ दरपत्रकावर थांबल्यास हे विद्यार्थ्याच्या लक्षात येणार नाही. बिरवाडीसारख्या गावातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे त्या दिवसाचे वृत्तपत्र ठेवून त्यातील तीन व्यवहार वेगळे करावयास सांगणे आणि प्रत्येकासाठी कायद्यातील व्याख्या मुळातून वाचून घेणे, हा अभ्यास कोणत्याही वर्गात, कोणत्याही खर्चाविना करता येण्याजोगा आहे.