डबल कोट आणि रिकामी यादी

आजच्या भागात फक्त एका कोटेशन मार्कबद्दल बोलायचंय. हसू नका, या चिन्हाने माझे दोन रविवार खाल्लेत.

आधीच्या नोकरीत आम्ही आरोग्यसेविकांसाठी ऑफलाइन चालणारं अँड्रॉइड ॲप बनवत होतो. कोणत्या बाळाची लस राहिलीय, याची यादी त्यात दिसायची. कॉलमचं नाव होतं 'ड्यू डेट', मी क्वेरीत लिहिलं 'ड्यू डीटी', तेही डबल कोटमध्ये. पोस्टग्रेसची सवय, दुसरं काय! पोस्टग्रेसने तिथेच "असा कॉलम नाही" म्हणून एरर दिला असता. फोनमधलं एसक्यूलाइट मात्र गप्प. यादी रिकामी आली, आणि रिकामी यादी बघून कुणालाही वाटणार की सगळ्यांना लस मिळाली. एका ताईंनी आपली वही ॲपशी ताडून बघितली, म्हणून कळलं.

झालं काय होतं? एसक्यूएलचं स्टँडर्ड सांगतं की मजकूर सिंगल कोटमध्ये, टेबल-कॉलमची नावं डबल कोटमध्ये. एसक्यूलाइटही आधी त्या नावाचा कॉलम शोधतं. पण नाही सापडला, तर ते धरून चालतं की तुम्हाला मजकूरच म्हणायचा होता. म्हणजे माझी क्वेरी विचारत होती, "हा शब्द आजच्या तारखेपेक्षा लहान आहे का?" तारीख आकड्याने सुरू होते आणि क्रमात आकडे इंग्रजी अक्षरांच्या आधी लागतात. उत्तर कायम 'नाही'. तुलनेचं चिन्ह उलटं असतं तर सगळीच बाळं यादीत आली असती आणि पहिल्याच दिवशी बोंब झाली असती.

ही ढिलाई आली मायएसक्यूएलमुळे. एसक्यूलाइट 2000 साली आलं, तेव्हा मायएसक्यूएल 3 जोरात होतं आणि त्यात डबल कोटमध्येही मजकूर चालायचा. त्या लोकांना सोपं जावं म्हणून इथेही चालू दिलं. हे करायला नको होतं, असं आता एसक्यूलाइटवालेच आपल्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहितात.

मग काढून का टाकत नाहीत? कारण एसक्यूलाइट जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. उद्या सिस्टीम अपडेटबरोबर कडक व्हर्जन आलं, तर ज्या ॲपचा डेव्हलपर केव्हाच दुसरीकडे गेलाय, ते बंद पडेल. वापरणाऱ्याच्या हातात काहीच नाही. म्हणून 2019 मध्ये, 3.29 मध्ये, त्यांनी दोन स्विच दिले: एक टेबल आणि इंडेक्स बनवण्यासाठी, दुसरा रोजच्या क्वेरींसाठी. दोन्ही बंद केले तरी जुन्या फाइलमध्ये आधीच साठवलेला स्कीमा वाचला जातोच. मला हा भाग फार आवडतो. जुन्याला हात नाही, नव्याला शिस्त.

पण लायब्ररीत हे स्विच अजूनही आपोआप बंद नसतात, आणि इथे माझं पटत नाही. ज्याला या घोळाची माहितीच नाही, तो स्विच शोधणार कशाला? जुनं ॲप बंद पडणं वाईट हे मान्य, पण नव्या कोडमध्ये चुकीचं उत्तर गुपचूप मिळणं त्याहून वाईट. एरर निदान दिसतो तरी.

2023 च्या 3.41 पासून एसक्यूलाइटच्या कमांड लाइन टूलमध्ये मात्र हे डिफॉल्टनेच बंद आहे. म्हणून मी आता प्रत्येक क्वेरी ॲपमध्ये टाकण्याआधी त्या टूलमध्ये चालवतो. तिथे 'ड्यू डीटी' लगेच पकडला जातो.