जुलैतली गळती एप्रिलमध्ये सुरू होते

सिल्वासात ऐन पावसाळ्यात दुकानाच्या किंवा ऑफिसच्या छताला ओलाव्याचा पिवळा डाग उमटला, की सगळे खापर पावसावर फुटते. पाऊस इथे थोडाथोडका नाही: वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण पाऊस फक्त आत शिरतो, त्याला वाट करून देते ते ऊन. हे गाव विषुववृत्ताच्या सुमारे २० अंश उत्तरेला असल्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर येतो आणि भिंतींपेक्षा गच्ची जास्त भाजते. तापलेले काँक्रीट वाढते. ३० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला आणि त्याला अडवणारे काही नसले, तर तो सुमारे ९ मिलिमीटर लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. प्रत्यक्षात त्याला खांब, तुळया आणि कठडे धरून ठेवतात, म्हणून हा ताण कमकुवत जागी बाहेर पडतो. कठड्याच्या मुळाशी, पाइपाभोवती, जुन्या-नव्या कामाच्या सांध्यात केसाएवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे पाणी त्यांतून उतरते. म्हणून उष्णता आणि गळती हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ते वेगळे धरले, की पुढचे गैरसमज जन्माला येतात.

गैरसमज : इथल्या पावसाला सपाट गच्ची चालतच नाही.
या म्हणण्यामागे अनुभव आहे. या भागातली वारल्यांची घरे आणि जुनी कौलारू घरे उतरत्या छपराचीच आहेत. पण पाणी वाहून जाण्यासाठी छप्पर उभट असावे लागत नाही, त्याला अखंड उतार असावा लागतो. ‘सपाट’ गच्चीलाही किमान १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर उतार हवाच. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी जमते. ते तुंबले तर शंभर टनांचा भार होतो. म्हणून पाणी जाण्याची तोंडे पुरेशी आणि सर्वांत खालच्या जागी हवीत. शिवाय एक तोंड बुजले तरी पाणी बाहेर पडावे, म्हणून कठड्यात थोडे वर एक जादा भोक ठेवावे. उन्हाळ्यात गारव्यासाठी गच्चीवर पाणी साठवून ठेवण्याची सवयही सोडावी, कारण तेच पाणी प्रत्येक भेग शोधत बसते.

गैरसमज : कोबा जितका जाड, तितकी गच्ची थंड आणि पक्की.
विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार काढायला उपयोगी आहे, पण जाडी म्हणजे उष्णतारोधन नव्हे. एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनच्या फळीपेक्षा काँक्रीटमधून उष्णता सुमारे ५० पट सहज जाते. म्हणजे या फळीचे ५ सेंटिमीटर जे काम करतात, त्यासाठी साधारण अडीच मीटर काँक्रीट लागेल. जाड थर दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी ते खाली सोडतो, म्हणून हॉटेलच्या किंवा रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर सूर्य मावळल्यावरही छत तापलेलेच असते. गळती थांबत नाही म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घालणे त्याहून वाईट. १० सेंटिमीटरच्या थराने दर चौरस मीटरला दीडशे किलोहून अधिक भार वाढतो आणि पाणी दोन थरांमध्ये अडकून राहते. अशा वेळी जुना थर स्लॅबपर्यंत काढून भेगा भराव्यात, उतार काढावा, त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा, त्यावर रोधक फळी आणि सर्वांत वर फिकट फरशी बसवावी. या क्रमात पडद्याला रोधकाची सावली मिळते आणि रोजच्या तापण्या-आखडण्यातून तो वाचतो. खर्च जास्त येतो, हे खरे. अनेक मजली इमारतीत त्याचा फायदा मुख्यतः वरच्या मजल्यालाच होतो, हेही खरे. पण एक-दोन मजली, ऐसपैस पसरलेल्या इमारतीत दिवसभर चालणाऱ्या एसीच्या बिलात फरक दिसतो.

गैरसमज : पांढरा रंग लावला की झाले वॉटरप्रूफिंग.
काळा पृष्ठभाग ऊन नव्वद टक्क्यांच्या आसपास शोषतो. चांगला नवा पांढरा थर सत्तर टक्क्यांहून अधिक परतवतो. भर उन्हात दोन्हींच्या तापमानात २५-३० अंशांचा फरक पडू शकतो. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण आणून व्यापारी इमारतींना ते बंधनकारक केले, ते याच कारणाने. पण साधा परावर्तक रंग भेग बुजवत नाही. आधी दुरुस्ती, मग रंग. ‘धुळीने आणि शेवाळाने तो काळवंडतोच,’ हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय पावसाळ्यानंतर घासून धुणे आणि काही वर्षांनी नवा हात देणे हा आहे. थंड प्रदेशात असे छप्पर हिवाळ्यात महागात पडते, पण सिल्वासात ऑफिसला हीटर लावावा लागत नाही.

गैरसमज : दहा वर्षांची गॅरंटी आहे, वर जायची गरज नाही.
पडदा बहुतेक वेळा आपणहून फाटत नाही, त्याला भोके पाडली जातात. एसीचे स्टँड, सोलर पॅनेलचे पाय, केबलचे खांब यांचा एक बोल्ट स्लॅबमध्ये ठोकला, की काम वाया जाते आणि गॅरंटीही संपण्याची शक्यता असते. त्यासाठी काँक्रीटचे ओटे पडदा घालण्यापूर्वीच बांधावेत. गळती शोधतानाही घाई नको. पाणी थरांखालून सरकत जाते, त्यामुळे खालचा डाग आणि वरची भेग यांत कित्येक फुटांचे अंतर असू शकते. मेमध्ये, मृगाच्या आधी, पाण्याच्या तोंडांवरच्या जाळ्यांतली पाने, पिसे, प्लास्टिकच्या पिशव्या काढाव्यात, कठड्याच्या मुळाशी मारलेला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला गोलसर भराव, बोटाने चाचपून पाहावा आणि सुटलेला सांधा स्लॅब कोरडा असतानाच भरावा. दसऱ्यानंतर पुन्हा एकदा वर जावे. तेव्हा पाणी कुठे तुंबले होते, ते शेवाळाच्या डागांवरून स्वच्छ वाचता येते, आणि पुढचा एप्रिल येण्यापूर्वी दुरुस्तीला सहा महिने हाताशी असतात.