घरगुती कॅमेऱ्याची सूक्ष्मदृष्टि

दिवाणखान्यांतील फुलदाणींत चार दिवसांमागें भरलेलें पाणी वरवर पाहतां निर्मळच दिसतें. परंतु नीट निरखून पाहिलें तर त्यांत दोऱ्याच्या तुकड्यांसारखे कांहीं जीव वळवळतांना आढळतात. त्या डासांच्या अळ्या होत, हें कोणीही सांगेल. पण कोणत्या डासाच्या? हिवताप पसरविणाऱ्या ॲनॉफेलिसच्या, डेंग्यू पसरविणाऱ्या एडिसच्या, कीं हत्तीरोगाशीं संबंध असलेल्या क्यूलेक्सच्या? नुसत्या डोळ्यांना याचा पुरता उलगडा होत नाहीं, आणि सूक्ष्मदर्शक यंत्र कांहीं घरोघरीं नसतें. मात्र लग्नमुंजींचीं चित्रें टिपून थकलेला एखादा व्हिडिओ कॅमेरा पुष्कळांच्या कपाटांत पडून असतो. १९८३ सालीं सोनी कंपनीनें ‘बेटामूव्ही’ बाजारांत आणल्यापासून अशा कॅमेऱ्यांचा घराघरांत प्रवेश झाला, आणि पुढें मोबाइलनें त्यांस निवृत्त केलें. हा निवृत्त सेवक अजूनहि मोलाची कामगिरी करूं शकतो. फक्त त्याला योग्य चष्मा लावून दिला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. कित्येक कॅमेऱ्यांच्या अंगावर ‘चारशेंपट’, ‘आठशेंपट’ असे आंकडे मोठ्या दिमाखानें छापलेले असतात. यांतील खरी वाढ भिंगें पुढेंमागें सरकल्यानें होते आणि ती बहुधा दहा, वीस किंवा थोडी अधिक पट असते. उरलेली वाढ ‘डिजिटल झूम’ची, म्हणजे केवळ ताणण्याची असते. जुन्या कॅमेऱ्याचें चित्र आडव्या ओळींत ७२० ठिपक्यांचें असतें. तें डिजिटल रीतीनें दहापट वाढविलें कीं पडद्यावर ७२ ठिपक्यांपुरताच मजकूर ताणून पसरला जातो. ताकांत पाणी ओतल्यानें ताक वाढतें, लोणी वाढत नाहीं. तोच हा प्रकार होय. म्हणून डिजिटल झूम बंद ठेवणें हा या प्रयोगाचा पहिला नियम.

मग भिंगांच्या झूमनेंच काम कां भागूं नये? अडचण अंतराची आहे. झूम पूर्ण ताणल्यावर बहुतेक कॅमेऱ्यांना सुमारें एक मीटरच्या अलीकडील वस्तु स्पष्ट दिसत नाहीं. वस्तु जवळ न्यावी तर चित्र पुसट, आणि दूर ठेवावी तर तें लहान. हाच पेंच चाळिशी उलटलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें असतो, आणि त्याचा उपायहि तोच आहे: बाह्यगोल भिंगाचा चष्मा. अशा भिंगाच्या केंद्रबिंदूवर वस्तु ठेवली कीं तिच्यापासून निघालेले किरण भिंगांतून समांतर होऊन बाहेर पडतात. कॅमेऱ्याला ते फार दूरच्या वस्तूपासून आल्यासारखे भासतात, आणि झूम पूर्ण ताणलेला असूनहि चित्र स्वच्छ उमटतें.

किती वाढ होईल याचें गणित सोपें आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाच्या केंद्रांतरास पुढें लावलेल्या भिंगाच्या केंद्रांतरानें भागावें. समजा, झूम ताणल्यावर कॅमेऱ्याचें केंद्रांतर ४० मिलिमीटर होतें आणि आंतील प्रकाशग्राही पट्टी ३.६ मिलिमीटर रुंद आहे. पुढें +२ नंबरचें भिंग, म्हणजे ५०० मिलिमीटर केंद्रांतराचें, लाविलें तर ४५ मिलिमीटर रुंदीचा देखावा चित्रांत मावतो. दूरचित्रवाणीचा ९० सेंटिमीटर रुंद पडदा या चित्रानें भरला तर वाढ वीसपट झाली. +१० नंबरचें भिंग लावतांच ती शंभरपट होते.

याहून पुढें जाण्यास साधें एकेरी भिंग उपयोगी पडत नाहीं. कडांना रंगांच्या झालरी उमटतात आणि चित्र विटतें. येथें जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याचें ५० मिलिमीटरचें भिंग कामास येतें. तें व्हिडिओ कॅमेऱ्यापुढें उलटें, म्हणजे त्याचें तोंड कॅमेऱ्याच्या तोंडाला भिडवून बसवावें. जेथें पूर्वी फिल्म असे, साधारण तेथें आतां पाहण्याची वस्तु येते. त्या अंतरासाठीं हीं भिंगें मुळांतच काळजीपूर्वक जुळविलेलीं असल्यानें चित्र रेखीव येतें. वरील हिशेबानें आतां अवघा साडेचार मिलिमीटरचा देखावा पडदाभर पसरतो, वाढ दोनशेंपट!

दोन्ही भिंगें जोडणारें कडें बाजारांत मिळतें. न मिळाल्यास काळ्या पुठ्ठ्याची नळीहि चालते. उलट्या भिंगाची झडप पूर्ण उघडी ठेवावी, नाहींतर चित्राभोंवतीं काळें वर्तुळ पडतें. झूम आखडल्यासहि तेंच होतें. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवून त्याचा स्वयंचलित फोकस बंद करावा आणि तो दूरवर स्थिर करावा. नंतर वस्तूच केंसभर पुढेंमागें सरकवून चित्र जुळवावें. कारण एवढ्या वाढींत स्पष्ट दिसणारी खोली मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकीच उरते, आणि टेबलाला लागलेला धक्काहि पडद्यावर भूकंपासारखा दिसतो. प्रकाश भरपूर हवा, पण तो एलईडी दिव्याचा असावा. कॅमेऱ्याचें तोंड सूर्याकडे कधींहि करूं नये.

आतां फुलदाणींतील पाणी एका सपाट बाजूच्या, अरुंद कांचपात्रांत घ्यावें आणि मागें पांढरा कागद धरून त्यावर उजेड पाडावा. पूर्ण वाढलेली अळी सात-आठ मिलिमीटर लांब असल्यानें झूम निम्म्यावर आणला कीं ती सबंध चित्रांत मावते. अळी पाण्याच्या पृष्ठभागाशीं समांतर पडून असेल आणि तिला श्वसननलिका नसेल, तर ती ॲनॉफेलिसची. डोकें खालीं करून ती तिरपी लोंबकळत असेल, तर शेपटीकडील नलिका पाहावी: आखूड व जाड असल्यास एडिस, लांब व सडपातळ असल्यास बहुधा क्यूलेक्स. ज्या घरांतील मंडळी आठवड्यास एकदां फुलदाणी रिकामी करण्याचा कंटाळा करीत होती, त्यांना हें दृश्य कोणत्याहि उपदेशाहून अधिक सांगून जाईल. कारण उबदार हवेंत अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात.

या साधनाची मर्यादाहि ध्यानांत ठेवावी. साडेचार मिलिमीटरचा देखावा ७२० ठिपक्यांत वाटला कीं प्रत्येक ठिपक्याच्या वाट्यास सुमारें सहा सहस्रांश मिलिमीटर येतात. रक्तांतील तांबडी पेशी जेमतेम एवढीच असते. म्हणजे ती एका ठिपक्यापलीकडे दिसणार नाहीं. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतींत हिवतापाचे जंतु दिसले, ते सूक्ष्मदर्शकांतून. तें काम या कॅमेऱ्याचें नव्हे. पण रॉस यांनीं ज्या शत्रूचें गुपित उघड केलें, त्याचें बाळपण घरच्याच पाण्यांत कसें सुखेनैव चाललें आहे, हें दाखविण्यास कपाटांतला कॅमेरा आणि एक उलटें भिंग पुरेसें आहे. प्रयोग संपल्यावर तें पाणी मात्र पुन्हां फुलदाणींत न घालतां कोरड्या, उन्हांतल्या मातींत ओतून टाकावें.