रिपोर्ट नॉर्मल, पण रात्रीचं काय?

संगीतकार बप्पी लाहिरी गेल्याची बातमी फेब्रुवारी 2022 मध्ये आली आणि त्यांच्या सोन्याच्या साखळ्यांवर रकानेच्या रकाने भरले. डॉक्टरांनी दिलेल्या कारणातला ‘स्लीप अ‍ॅप्निया’ मात्र बहुतेकांनी वाचून सोडून दिला. घोरण्यानं कुठं माणूस मरतो?

घोर घोरण्याचा नाहीच; तो मधेच थांबण्याचा आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. छाती हलत राहते, हवा आत जात नाही. किमान दहा सेकंद श्वास असा अडला किंवा उथळ झाला की त्याची मोजदाद होते. तासाला 5 पेक्षा कमी खंड चालून जातात. 30 च्या वर गेले की आजार तीव्र. दर खंडाला रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, रक्तदाब उसळतो. सकाळी त्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं.

आता बीड जिल्ह्यातल्या एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थाची हृदयाची फाइल उघडा. ईसीजी, टूडी इको, पट्ट्यावर पळवून केलेली टीएमटी. सगळं दिवसा, माणूस टक्क जागा असताना. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अचानक हृदय बंद पडून गेलेल्या 112 जणांच्या नोंदी तपासल्या. अ‍ॅप्निया असलेल्यांपैकी 46 टक्के मध्यरात्र ते सकाळी सहाच्या दरम्यान गेले होते. नसलेल्यांत हे प्रमाण 21 टक्के होतं. म्हणजे धोक्याची वेळ एक आणि तपासणीची दुसरीच.

यातली खरी साक्षीदार असते बायको. “ह्यांचा श्वास मधेच अडकतो, मी हलवून उठवते,” हे तिला ठाऊक असतं. पण तपासणीच्या खोलीबाहेर चपलांपाशी बसलेल्या तिला विचारतो कोण? माझ्या मते तिचं हे एक वाक्य ईसीजीच्या कागदाइतकंच मोलाचं. बोलायला संकोच वाटत असेल तर मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून दाखवावा. बायकांनाही हा आजार होतो, विशेषतः पाळी गेल्यावर. तेव्हा नवऱ्यांनीही कान उघडे ठेवावेत.

दोन-तीन गोळ्यांनाही न जुमानणारा रक्तदाब असेल, तर घोरण्याबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगा. चोवीस तास ईसीजी नोंदणारं होल्टर आणि रात्रीच्या रक्तदाबाची नोंद यांतून बरंच उघड होतं. अँजिओग्राफीसारख्या तपासणीत गुंगीचं औषध द्यायचं असेल तर हे सांगणं टाळूच नका. त्या औषधानं घसा आणखी सैल पडतो. घरी सीपॅप, म्हणजे झोपेत मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र, असेल तर ते सोबत न्या.

यंत्राबद्दल थोडं स्पष्ट बोलू. कॉलिन सुलिव्हान यांनी ते 1981 मध्ये सिडनीत दाखवलं आणि झोपेसाठी ते उत्तमच आहे. पण भारतासह सात देशांत आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या 2717 जणांवर झालेल्या 2016 च्या अभ्यासात त्यानं हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. अर्थात, लोक ते रात्रीतून सरासरी 3.3 तासच लावत होते. आपल्याकडं तर रात्री वीज गेली की यंत्रही बंद. म्हणून इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरा, वजन आणि दारू दोन्ही आवरा. आणि ऊसतोडीच्या हंगामात फडावरून रात्रभर ऊस वाहणाऱ्या चालकाला दिवसाही पेंग येत असेल, तर गाडी हाती देण्याआधी त्याला दवाखान्यात पाठवा.