उन्हाची उणीव!

माहीत आहे का, भंडाऱ्यात वर्षातल्या कुठल्याही दिवशी भरदुपारी तुमची सावली तुमच्यापेक्षा बुटकीच असते? अगदी २२ डिसेंबरलाही! सर्वांत छोटा दिवस, तरी बारा-सव्वाबाराला सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या किंचित वरच. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात तर तो थेट डोक्यावर, सावली पायाखाली गडप!

सावली का मोजायची? ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर उन्हात यूव्हीबी किरण पुरेसे असतात आणि त्वचेला व्हिटॅमिन डी बनवता येतं. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हात उभं राहूनही डी तयारच होत नाही, हे १९८८ मध्ये प्रयोगाने दिसलं. भंडाऱ्याला बाराही महिने संधी!

तरीही ऊन उदंड आणि रक्तात डी उणं, ही आपल्या देशभरची गोष्ट. रोवणीला वाकलेल्या बाया पाहा. आभाळ भरलेलं, डोक्यावर पदर, लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट. दिवस बांधावर जातो, पण ऊन कातडीला लागतं किती? शिवाय सावळ्या त्वचेला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो.

बाळाला कोवळ्या उन्हात शेकवताय? ऊब छान, पण सकाळच्या तिरप्या उन्हात यूव्हीबी फारच थोडे. खिडकीच्या काचेआड बसलात तर जवळपास शून्य!

आता खरा धमाका. माहीत आहे का, डी हे हाडांपुरतं नाहीच? १९८३ मध्ये संशोधकांना रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये डीचे रिसेप्टर सापडले. लढाऊ पेशींना डीशी काय काम? उत्तर २००६ मध्ये आलं. जंतूची चाहूल लागली की मॅक्रोफेज पेशी स्वतःच डी ‘अ‍ॅक्टिव्ह’ करतात आणि त्याच्या जोरावर कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात. हे प्रथिन काही व्हायरसनाही नडतं.

आणि तेच डी दुसऱ्या बाजूला टी-पेशी नावाच्या लढाऊ पेशींना आवर घालतं. एकाच रेणूत अ‍ॅक्सिलरेटरही आणि ब्रेकही! म्हणून तर ऑटोइम्यून आजारांच्या डॉक्टरांना त्यात एवढा रस. लुपस, आमवात, मल्टिपल स्क्लेरोसिस उर्फ एमएस... या आजारांत शरीराची फौज घरच्यांवरच उलटते.

एमएसची गोष्ट तर डिटेक्टिव्ह कथेला लाजवेल. अमेरिकी लष्कर आपल्या सैनिकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवतं. २००६ मध्ये त्यातून दिसलं की गोऱ्या सैनिकांपैकी ज्यांच्या रक्तात डी भरपूर, त्यांना पुढे एमएस कमी झाला. आणि २०२२ मध्ये त्याच साठ्याने दुसरा आरोपी पकडून दिला: एपस्टाइन-बार व्हायरस! एक कोटीहून जास्त सैनिकांच्या नोंदी पाहिल्या, आणि या व्हायरसच्या लागणीनंतर एमएसचा धोका निघाला ३२ पट. हा व्हायरस जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात मुक्काम ठोकून असतो, तरी एमएस होतो मोजक्यांनाच. मग उरलेल्यांना कोण वाचवतं? डीचा त्यात वाटा किती? संशोधक अजून मागावर आहेत.

व्हायरस आणि सांधे यांचं नातं महाराष्ट्राला जुनं. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. नंतर तो देशातून जणू गायबच! परतला तो थेट २००५-०६ मध्ये. ताप उतरतो, पण सांधे महिनोन्‌महिने धरलेले. काहींचं दुखणं तर हुबेहूब आमवातासारखं.

उलटा धोकाही आहे. ऑटोइम्यून आजारात फौज शांत ठेवायला स्टेरॉइडसारखी औषधं लागतात, आणि त्यातच व्हायरसचं फावतं. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या? तो व्हायरस नसांमध्ये झोपलेलाच असतो. फौज सुस्तावली की नागीण बनून उठतो! लुपस आणि आमवाताच्या रुग्णांना नागीण इतरांपेक्षा जास्त होते. लस आहे, पण कुठली आणि कधी, हे डॉक्टरांनाच विचारा. अशा औषधांवर असताना जिवंत विषाणूच्या लसी सहसा टाळतात.

लुपसवाल्यांची कोंडी तर बघा! ऊन लागलं की आजार भडकतो, म्हणून सावली. सावलीत राहिलं की डी घसरतं. त्यांना दुपारच्या उन्हाचा सल्ला चुकूनही देऊ नका. त्यांचं डी गोळीतूनच यायला हवं. स्टेरॉइड हाडं पोखरतात, त्यासाठीही ते लागतंच.

मग गोळी घेतली की ऑटोइम्यून आजार टळतो? अमेरिकेच्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जण होते, सगळे पन्नाशीचे आणि पुढचे. ज्यांना रोज २,००० युनिट डी मिळालं, त्यांच्यात पाच वर्षांत नवे ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी! चाचणी संपून गोळ्या थांबल्या, आणि दोन वर्षांत हा फायदा ओसरला.

सर्दी-फ्लूचं काय? २०१७ च्या मोठ्या आढाव्यात रोजचे किंवा आठवड्याचे छोटे डोस उपयोगी दिसले, एकदम दिलेले भलेमोठे डोस मात्र फुसके. पुढे चाचण्या वाढल्या तसा तो फायदाही पुसट झाला. मग डी चालू आहे म्हणून मूळ औषध किंवा लस सोडणं? अजिबात नाही!

मेडिकलमधली ती साठ हजार युनिट डीची पुडी माहीत आहे ना? आयसीएमआरच्या हिशेबाने मोठ्या माणसाला दिवसाला ६०० युनिट पुरतात. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचं डी, आणि वजन फक्त दीड मिलिग्रॅम! कमतरता असेल तर डॉक्टर ठरावीक आठवडे देतात. मनाने चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम चढतं, किडनी धोक्यात येते. उन्हाने असा ओव्हरडोस होत नाही, कारण जास्तीचं कच्चं डी ऊनच मोडून टाकतं. स्मार्ट ना?

आणि ते पुडीतलं डी येतं कुठून? बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतून! लोकरीचं मेण काढायचं, त्यातलं द्रव्य वेगळं करून त्यावर यूव्ही प्रकाश टाकायचा.

शाकाहारी मार्ग हवा? मग मशरूम! बाजारातून आणलेले मशरूम चिरून भरदुपारी उन्हात ठेवा. त्यांच्यातल्या अर्गोस्टेरॉलचं डी-२ होतं, तोडल्यानंतरसुद्धा! पावसाळ्यात भंडाऱ्याच्या बाजारात सात्या, म्हणजे रानातले मशरूम, आल्या की रस्सा टाकण्याआधी त्यांनाही थोडं ऊन दाखवून बघा.