नमुन्याची बाटली

पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा अरण्ये, वाघ आणि वितळणाऱ्या हिमनद्या असतात. पहिल्या सत्रात त्यांच्या हाती पडते ती मात्र 300 मिलिलीटरांची, काचेच्या बुचाची एक साधी बाटली.

पौषातल्या एका सकाळी पुण्यातील अशाच एका वर्गासमवेत मुठेच्या काठाने हिंडण्याचा योग मला आला. खडकवासल्याच्या धरणाखाली पहिला नमुना घ्यावयाचा आणि सारे शहर ओलांडून, मुळा-मुठेच्या संगमाच्या पुढे, बंडगार्डनपाशी दुसरा, एवढाच दिवसभराचा कार्यक्रम होता. बाटली काठोकाठ भरावयाची, बूच लावताना हवेचा इवलासाही बुडबुडा आत राहू द्यावयाचा नाही, कारण तो राहिला तर नदीच्या प्राणवायूच्या हिशेबात आपल्या हवेचा प्राणवायू जमा होतो. आणि मग तेथेच, काठावर उकिडवे बसून, मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड यांचे प्रत्येकी 2 मिलिलीटर त्यात सोडावयाचे, याला ही मुले ‘डीओ’, म्हणजे विरघळलेला प्राणवायू, ‘फिक्स करणे’ म्हणतात.

धरणाखालच्या बाटलीत पाहता पाहता गडद तपकिरी साका धरला. बंडगार्डनच्या बाटलीत तो पांढुरकाच राहिला. पाण्यात प्राणवायू असेल तर मँगनीज तो धरून तपकिरी होते, नसेल तर पांढरे राहते, ही विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनज्ञाची 1888 सालची युक्ती सर्वांनी पुस्तकात वाचलेली होती, तरीही एक मुलगा म्हणाला, “मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असेल.” बाई शांतपणे म्हणाल्या, “मग दुसरी बाटली भर.” दुसऱ्या बाटलीतही साका पांढराच उतरला.

प्रयोगशाळेत परतल्यावर आम्ल, थायोसल्फेट आणि स्टार्च यांच्या साहाय्याने, निळा रंग मावळण्याच्या नेमक्या थेंबापर्यंत, त्या रंगांचे आकड्यांत रूपांतर झाले. बीओडी, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू, मोजण्यासाठीच्या बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवल्या गेल्या. ही चाचणी मूळची इंग्लंडातील, 5 दिवसांची. आपल्या उष्ण देशात ती 27 अंश सेल्सिअसला 3 दिवसांत करण्याचा प्रघात आहे. मापनपद्धतीलाही देशकाल असतो, हे त्या कपाटापाशी जितके उमगते तितके व्याख्यानात उमगत नाही.

पुढे चरितार्थाच्या वाटा निरनिराळ्या फुटतात, पण बाटली सुटत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेतो, तेव्हा 1974 च्या जल कायद्याने घालून दिल्याप्रमाणे त्याचे दोन भाग करून, सीलबंद करून, त्यांवर स्वतःची व कारखान्याच्या माणसाची सही व्हावी लागते, कारण उद्या ती बाटली न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहणार असते. कारखान्याच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, नेमलेला रसायनज्ञ नदीत सोडावयाच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या हद्दीत राखण्यासाठी झटतो. नागपूरच्या ‘नीरी’सारख्या संस्थेत संशोधनाला वाव असतो. सल्लागार कंपन्यांत पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे अहवाल तयार होतात. मंडळाच्या जागा थोड्या आणि खासगी प्रयोगशाळेतले आरंभीचे वेतन बेताचे, ही वस्तुस्थितीही पालकांपासून लपवू नये. याहून अवघड गोष्ट अशी, की मूल्यांकनाच्या अहवालाचा खर्च प्रकल्प काढणाराच देत असतो, आणि त्याला रुचेल असा साका प्रत्येक बाटलीत उतरत नाही.

बंडगार्डनच्या दोन्ही बाटल्यांचे आकडे त्या मुलाने जर्नलात शाईने लिहिले आणि खाली सही केली. ज्याला प्रथम आपल्याच हाताची शंका घेता येते, आणि शंका फिटल्यावर मग कोणी कितीही सांगितले तरी आकडा बदलवत नाही, त्याने हा विषय अवश्य घ्यावा.