विमानोड्डाण आणि धावपट्टीचे कुंपण

उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानाचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की उरलेल्या धावपट्टीत ते थांबविणे अशक्य होते. तेव्हा अडथळा आला तरी वैमानिकास विमान उचलावेच लागते.

६ नोव्हेंबर २०१४ रोजी सायंकाळी सुरत विमानतळावरून दिल्लीस निघालेले बोइंग ७३७ विमान धावपट्टीवरच एका म्हशीवर आदळले. उड्डाण सोडून देण्यात आले व सर्व प्रवासी सुखरूप राहिले. काळोखात काळे जनावर दिसणार तरी कसे?

औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) २६ एप्रिल १९९३ रोजी मात्र अनर्थ घडला. धावपट्टीच्या टोकाजवळील बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकवर इंडियन एअरलाइन्सच्या विमानाची डावी चाके व इंजिन आदळले. पुढे विजेच्या तारांत अडकून विमान कोसळले. त्यातील ११८ जणांपैकी ५५ मृत्युमुखी पडले. वैमानिकांनी विमान उशिरा व चुकीच्या रीतीने उचलले, तसेच उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतुकीचे नियंत्रण झाले नाही, असे चौकशीत निष्पन्न झाले. यांपैकी दुसरा दोष एका फाटकाने व पहारेकऱ्याने टळण्याजोगा होता.

कुंपणातील भगदाड गुराख्यांस प्रथम दिसते. ते त्याच दिवशी विमानतळाच्या अधिकाऱ्यांस कळवावे.